हुकवाल्याचा चहा

गावात कुणी विचारलं, "हुसेनभाय, जेद्दात काय करायचात?" की मी सांगतो, जहाजं ओढायचो. ऐकणारा हसतो. आखातात गेलेला कोकणी मुसलमान म्हणजे एक तर बलदच्या, म्हणजे जेद्दातल्या जुन्या पेठेच्या बाजारात कुणाच्या तरी गल्ल्यावर, नाहीतर कुठल्या तरी शेखचा ड्रायव्हर, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय. पण मी खरोखर जन्मभर जहाजंच ओढली. जेद्दाच्या बंदरात टगवर होतो, आधी खलाशी आणि मग कॅप्टन.

टग म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मोठं जहाज भर समुद्रात कितीही तोऱ्यात चालो, बंदरात शिरलं की त्याची पंचाईत होते. चटकन थांबता येत नाही, जागच्या जागी वळता येत नाही. मग आमच्यासारख्या बुटक्या, दणकट बोटी त्याला दोर लावतात आणि ओढून, ढकलून धक्क्याला नेऊन उभं करतात. दोराचं एक टोक जहाजावर, दुसरं आमच्या मागच्या डेकवरच्या लोखंडी हुकात. गोम अशी, की जहाज आमच्यापेक्षा कितीतरी पट जड. त्यानं मध्येच इंजिन दामटलं, किंवा वाऱ्यानं ते भलतीकडे सरकलं, की दोर आम्हाला आडवा खेचतो. टग आडवी खेचली गेली की उलटते. कलमा पुरा म्हणायलासुद्धा सवड मिळत नाही. उपाय एकच, हुकाचा खटका ओढून दोर सोडून द्यायचा, आणि तो वेळेत सोडायचा. जरा उशीर झाला, ताण चढला, की खटका हलतच नाही. वरून, सुकाणूच्या खोलीतूनही सोडायची सोय होती, पण आमच्या जुन्या टगांवर ती तार खाऱ्या हवेनं गंजून बसलेली. म्हणून हुकाशी एक माणूस उभा असायचा. त्याला आम्ही हुकवाला म्हणायचो. टगवरची सगळ्यात खालची नोकरी ती. माझ्या टगवर ती माझा चुलतभाऊ दिलावर करायचा.

आमच्या सगळ्यांच्या वर एक साहेब होता, कॅप्टन हार्म्स. जर्मन. मी या अंकाच्या संपादकांशी बोलताना सहज बोलून गेलो की आमचा साहेब दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या आरमारात ऑफिसर होता. झालं! ते म्हणाले, मग त्याच्यावरच लिहा, वाचकांना आवडेल. आवडेल की नाही, मला ठाऊक नाही. त्या माणसानं मला माझं काम शिकवलं, आणि त्याच माणसावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. दोन्ही लिहितो.

हार्म्स कंपनीचा मरीन सुपरिंटेंडंट होता. कुठली टग कुठल्या जहाजाला जाणार, तिच्यावर माणसं किती, दोर कधी बदलायचा, सगळं तो ठरवायचा. उंच, खांद्यात वाकलेला, उन्हानं नाकाची सालं निघालेली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बलदमध्ये हाजींना सुटकेसी आणि तसबीहच्या माळा विकणाऱ्या एका दुकानाच्या वर राहायचा. आमच्यात राहून राहून तो बंदरातली हिंदी शिकला होता. पाठीमागे आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो, तोंडावर कॅप्टनसाब.

दिलावर गावाहून नवा आला तेव्हाची गोष्ट. साहेब जर्मन आहे हे कळल्यावर त्याला राहवेना. पहिल्याच दिवशी, मी डोळे वटारतोय तरी, विचारून मोकळा. "साब, हिटलर अच्छा आदमी था ना?"

हे हार्म्सला नवीन नव्हतं. टॅक्सीवाला असो, पासपोर्ट ऑफिसातला कारकून असो, नाहीतर आपल्याकडचा माणूस असो, जर्मन म्हटलं की अंगठा वर करून हेच म्हणायचे. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला बरं वाटेल. हार्म्सनं दिलावरकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "हिटलर को पूछो, मेरा भाई किधर है. उसको मालूम होगा. हमको नहीं मालूम."

दिलावरचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी मला म्हणाला, "भाय, मी काय बोलून बसलो रे!" दुसऱ्या दिवसापासून तो म्हाताऱ्याच्या मागे मागे. त्याची पिशवी उचल, त्याला माशाचं कालवण नेऊन दे. म्हाताराही त्याला जवळ बसवून घ्यायचा. हुक कसा पुसायचा, कुठे तेल घालायचं, दोराचा आवाज कसा ऐकायचा, सगळं त्यानं दिलावरला स्वतः शिकवलं. दोर तुटायच्या आधी कुरकुरतो आणि टग उलटायच्या आधी डेकखालचं पाणी गप्प होतं, असं तो सांगायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी चार ठेचा खाऊन शिकलो.

त्याची लढाई आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळली. एक जहाज गेलं, दुसरं यायचंय, तेवढ्या वेळात डेकवर सावली धरून तो बोलायचा. एकोणिसाव्या वर्षी आरमारात भरती झाला. दिलावरला वाटलं पाणबुडीवर असणार. "पाणबुडी नहीं," म्हातारा म्हणाला, "झाडूवाला." म्हणजे समुद्रात पेरलेले पाणसुरुंग काढणाऱ्या लाकडी बोटीवर. बोट मागे लांब तार ओढत जायची, तारेला कातर लावलेली, सुरुंगाचा साखळदंड त्यात कापला जायचा. सुरुंग वर आला की बंदुकीनं फोडायचा. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात ही झाडलोट, मग पुढे उत्तरेकडे थंड समुद्रात. शेवटच्या महिन्यांत रशियन फौजा आल्या तेव्हा त्याच बोटीत बायकामुलं आणि जखमी भरून किनाऱ्याकिनाऱ्यानं पळवत आणली. तेवढा भाग तो जरा मोकळेपणानं सांगायचा. सुरुंग काढायचे तसे पेरायचेही, हे मात्र एकदाच बोलला. ते कुणाच्या जहाजाखाली फुटले, ते त्यानं सांगितलं नाही.

माझ्या आजाचा भाऊ त्याच लढाईत गेला. इंग्रजांच्या बोटीवर बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. बोट बुडाली एवढं घरी कळलं. कुठल्या समुद्रात, कशानं, काही नाही. मी हे एकदा हार्म्सला सांगितलं. त्यानं विचारलं, "कौनसा समुंदर?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तो उठून दोर बघायला गेला. मला त्या वेळी त्याचा राग आला नाही. पोटासाठी परमुलखात काम करणारे आम्ही दोघेही, असंच वाटलं.

आणि लढाई संपली तरी त्याची सुटका झाली नाही. जर्मनी हरली, पण समुद्र सुरुंगांनी भरलेला. जिंकलेल्यांनी सांगितलं, तुम्हीच पेरलेत, तुम्हीच काढा. तीच बोट, तीच माणसं, अंगावर तोच गणवेश, फक्त छातीवरचं चिन्ह उसवून टाकलेलं. धड कैदी नाही, धड सैनिक नाही. काम संपलं तेव्हा एका सकाळी सांगितलं, आता घरी जा. "बिलकुल तुम्हारे माफिक," तो मला म्हणाला, "जब तक काम, तब तक इकामा." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. यावर आम्ही दोघे मोठ्यानं हसलो होतो.

आता हुकवाल्याचा नियम. हार्म्सच्या टगांवर हुकवाल्यानं दोर सोडायला कुणाचीही परवानगी घ्यायची नाही. कॅप्टनची नाही, मोठ्या जहाजावर चढून ते बंदरात आणणाऱ्या पायलटची नाही, खुद्द हार्म्सचीसुद्धा नाही. टग खेचली जातेय असं वाटलं, सोड. सोडल्यावर का सोडलास असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. उलट हार्म्स ऑफिसातून स्वतः चालत धक्क्यावर यायचा, हातात चहाचा पेला, पुदिना घातलेला. तो हुकवाल्याच्या हातात द्यायचा, चहा पिऊन होईपर्यंत बाजूला उभा राहायचा आणि रिकामा पेला घेऊन परत जायचा. एक शब्द बोलायचा नाही.

आम्हा जुन्या लोकांना हे काही पटायचं नाही. आमच्याकडे तांडेल सांगेल ते खलाशानं ऐकायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. इथे सगळ्यात खालच्या गड्याच्या हातात सगळी बोट! पहिल्या हंगामात दिलावरनं एकदा उगाचच दोर सोडला. सुवेझहून हाजी घेऊन आलेलं जहाज होतं. जरा हिसका बसला, पोरगं घाबरलं आणि खटका ओढून रिकामं झालं. जहाज वाऱ्यावर वाहायला लागलं, वरून पायलट रेडिओवर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय, रेलिंगला हजारो हाजी ओरडतायत. कसंबसं दुसऱ्या टगनं सावरलं. धक्क्याला लागलो तशी मी दिलावरच्या कानफटात द्यायला हात उचलला, तर समोर म्हातारा. हातात पेला.

दिलावर रडतरडत चहा प्यायला. मी भडकलो. म्हटलं, "साब, फालतू में छोडा उसने! आप चाय पिलाते हो?"

तेव्हा त्यानं मला ऑफिसात नेऊन कुऱ्हाडीची गोष्ट सांगितली. लढाई संपून वर्ष झालं होतं. त्यांच्या बोटीच्या मागच्या बाजूला एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा असायचा. कधीकधी सुरुंग तारेत अडकतो आणि तारेबरोबर बोटीकडे खेचला जातो. तसं झालं की कुऱ्हाडीचा घाव घालून तार तोडून द्यायची. पण तारांचा तुटवडा होता. वरून हुकूम आला, ऑफिसरच्या परवानगीशिवाय तार तोडायची नाही. वरून म्हणजे इंग्रजांकडून की त्यांच्याच जर्मन साहेबांकडून, ते त्यानं सांगितलं नाही. बोटीवरचा ऑफिसर हार्म्सच, त्यानं तो हुकूम डेकवर सगळ्यांना वाचून दाखवला आणि खाली सही केली.

कुऱ्हाडवाला एका बेटावरचा कोळी होता. सुरुंग अडकला, जवळ आला. त्यानं कुऱ्हाड उचलली आणि मान वळवून परवानगीसाठी हार्म्सकडे बघितलं. हार्म्स समोर बघत होता. त्यानं वळून पाहिलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात बोटीचा मागचा भाग उडाला. कोळी गेला, त्याच्याबरोबर आणखी माणसं गेली. घरी जायच्या गोष्टी करणारी माणसं होती ती.

"वो मुझे देख रहा था," हार्म्स म्हणाला. "वो नहीं देखता, तो सब जिंदा." मग म्हणाला, "दिलावर ने आज किसी को नहीं देखा. अच्छा किया."

बाहेर आलो आणि त्यानंतर मी कधी हुकवाल्याला टोकलं नाही. आमच्या टगांवर माणूस दगावला नाही, त्याचं कारण हा नियम, असं मी आजही कुणालाही सांगेन.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत सौदीकरणाचा जोर वाढला. म्हणजे काय, तर प्रत्येक कंपनीत इतके इतके लोक त्यांच्या देशाचे पाहिजेत, नाहीतर बाकीच्यांचे इकामे नवे करून मिळणार नाहीत. यात मला गैर काही वाटलं नाही. त्यांचं बंदर, त्यांच्या पोरांना काम नको? फहद नावाचा एक तरुण हार्म्सच्या हाताखाली शिकायला आला तो चांगला होता, दोर हातात धरायला लाजायचा नाही. पण बाकीची बरीचशी माणसं नुसती नावापुरती. कंपनीनं त्यांना घरी बसवून पगार द्यायचा आणि आकडा पुरा करायचा. तो पगार कुठून काढणार? आमची माणसं कमी करून.

हे जमवायला रियाधच्या ऑफिसातून सबनीस म्हणून एक साहेब आले. हिशेबाकडचे, पुण्याचे. मराठी माणूस आला म्हणून मी येडा खूश झालो होतो! भेटायला गेलो तर त्यांनी खुर्चीही दिली, चहाही सांगितला. बोलायला मऊ. म्हणाले, "हुसेनभाई, प्रत्येक टगवर एक माणूस कमी करायचाय. हुकवाला नुसता उभाच असतो ना? त्याला डेकची कामंही देऊ. आणि परवा परवा दोन-तीनदा दोर उगाच सोडला गेला, जहाज कंपन्यांच्या तक्रारी आहेत. आता कॅप्टननं सांगितल्याशिवाय सोडायचा नाही."

मी म्हटलं, "साहेब, सांगायला वेळ नसतो."

"माझ्या हातात काही नाहीये. वरून आलंय."

सुपरिंटेंडंटच्या सहीशिवाय हा नियम लागू होणार नव्हता, विमा कंपनीला ती सही लागायची. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दिलावर तर छाती ठोकून सांगायचा, "म्हातारा पेन मोडून सबनीसच्या खिशात घालील. बघ तू, भाय."

हार्म्सचंही वय झालं होतं. त्याचाही इकामा त्याच महिन्यात संपत होता. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला ठेवायचं की पाठवायचं, हे सबनीसांच्या शिफारशीवर होतं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण आम्ही ते मनावर घेतलं नाही. ज्या माणसानं मला कुऱ्हाडीची गोष्ट सांगितली, तो माणूस ही सही करणार नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्यानं सही केली.

आणि नुसती सही नाही. दुपारी स्वतः टगवर आला, टोपी काढली आणि तो कागद डेकवर उभं राहून आम्हाला हिंदीत वाचून दाखवला. कॅप्टनच्या हुकमाशिवाय दोर सोडायचा नाही, सोडल्यास नोकरी जाईल. वाचताना एकदाही मान वर केली नाही. हेच त्यानं आधी एकदा केलं होतं, हे त्याला आठवत नव्हतं का? का आठवत असूनही तो वाचत होता?

वाचून झाल्यावर म्हणाला, "कोई सवाल?"

दिलावर म्हणाला, "नहीं साब. पूछना आपने सिखाया नहीं."

म्हातारा टोपी घालून उतरून गेला. दिलावरनं तो कागद सुकाणूच्या खोलीत चिकटवलेला बघितला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. सहीवर बोट ठेवून म्हणाला, "ही त्याचीच काय?" मी म्हटलं, त्याचीच. तो हसला, पण मला त्याच्याकडे बघवेना.

बकरी ईदच्या आधी जेद्दाला मेंढ्यांची जहाजं येतात. बाहेरून बघितलं तर तरंगती चाळ. मजल्यावर मजले, सगळ्यात मेंढ्या, वास मैलभर. उंच असल्यामुळे वारा त्यांना भिंतीसारखा धरतो. असं एक जहाज आम्ही धक्क्याला नेत होतो. दुपारचा वायव्येचा वारा सुटलेला. एजंटला घाई, पायलटला घाई. पायलट रेडिओवर अखंड बोलत होता, त्यामुळे मला मध्ये तोंड घालायला फट नव्हती. आणि आमचा एक गडी कमी. दिलावर पुढे दोर आवरून धावत नुकता हुकाशी आला होता.

जहाजानं काही न सांगता इंजिन पुढे दामटलं. दोर सर्रकन बाजूला आला आणि टग कलली. इतकी, की माझ्या पायाखालची जमीन भिंत झाली. मी सुकाणूला लोंबकळलो. खिडकीतून आकाश दिसायचं तिथे पाणी दिसलं. तोंडातून शब्द फुटायच्या आत खाली धाडकन आवाज झाला आणि टग उसळून सरळ झाली. दिलावरनं खटका ओढला होता. कमरेपर्यंत भिजलेला, एका हातानं हुक धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलंच नव्हतं.

जहाज धक्क्यावर घासलं, त्याचा पत्रा चेपला, धक्क्याचं रबर फाटलं. मेंढ्या सगळ्या धडधाकट उतरल्या. आम्ही चौघेही धडधाकट उतरलो.

चौकशी झाली. सबनीस टेबलाच्या पलीकडे, हार्म्स खिडकीपाशी खुर्चीत. सबनीसांनी मला विचारलं, "तुम्ही दोर सोडायचा हुकूम दिला होता का?"

"नाही. पण द्यायला..."

"हो की नाही एवढंच सांगा."

"नाही. साहेब, तो विचारत बसला असता तर आज तुम्ही आमच्या बायकांना फोन करत असता."

"मला कळतंय हो. पण नियम लेखी आहे, आणि जहाज कंपनीचं पत्र आलंय. कुणावर तरी कारवाई दाखवावीच लागेल."

मी हार्म्सकडे वळलो. म्हटलं, "कॅप्टनसाब, आप बोलो. आप को तो मालूम है!"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कागज पे मेरा साइन है, हुसेन."

खलास. दिलावरच्या पासपोर्टवर कायमचं एक्झिट लागलं, म्हणजे देश सोडून जायचं, परत यायचं नाही. आम्हा चौघांचा जीव वाचवल्याबद्दल माणसाची नोकरी गेली. मी भांडलो, आमच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे इकामे त्या सौदी मालकाच्या, घरी जाऊन बसलो, नमाजानंतर मशिदीत त्याला गाठला. तो भला माणूस, पण म्हणाला, ऑफिसनं ठरवलंय. नोकरी सोडावी असं मनात आलं. पण दोन मुलं जेद्दात इंडियन स्कूलला होती आणि गावाला घराचा पाया घातलेला. नाही सोडली. दिलावरही म्हणाला, "तू येडेपणा करू नको. दोघं बसून काय खायाचा?"

तो निघाला त्या सकाळी सामान न्यायला टगवर आला. एक बॅग, एक ब्लँकेट. धक्क्यावर उतरला तर समोर हार्म्स. हातात पुदिन्याच्या चहाचा पेला, वाफ निघत होती. इतकी वर्षं आणायचा तसाच घेऊन आला होता. त्यानं पेला पुढे केला.

दिलावरनं तो घेतला. मला वाटलं, पितोय. त्यानं तो दोर अडकवायच्या लोखंडी खुंटावर ठेवला, बॅग उचलली आणि गाडीकडे चालायला लागला. मागे बघितलं नाही. हार्म्स रिवाजाप्रमाणे पेला रिकामा व्हायची वाट बघत तिथेच उभा राहिला. मग भरलेलाच पेला उचलून ऑफिसकडे गेला.

त्या सहीनं हार्म्सला काय मिळालं म्हणाल, तर हजचा मोसम आणि वर थोडे महिने. मग त्यालाही सांगितलं, आता फहद तयार झालाय, थँक यू. त्याला विमानतळावर मी सोडलं. दुसरं कुणी गेलं नाही. गाडीत मी ठरवलं होतं की विचारायचं नाही, पण विमानतळाचे दिवे दिसले आणि मला धीर निघेना.

"साइन क्यूँ किया, साब?"

त्याला बहुतेक ठाऊक होतं, मी विचारणार म्हणून. म्हणाला, "सबेरे ऑफिस में बुलाया. कागज सामने रखा. पेन दिया." मग थांबून म्हणाला, "हुसेन, मेरे को उन्नीस साल की उमर से ऐसे ही कागज देते हैं. मैंने कभी दूसरा कुछ किया ही नहीं."

एवढीच त्याची लढाईतली कारकीर्द. बाकी तारा, सुरुंग, थंड समुद्र, बोटीत भरून आणलेली मुलं, सगळं खरं असेल, पण त्याच्या खाली ही सही होती. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि राग जास्त होता. गाडी थांबवल्यावर त्याची बॅग मी उचलली नाही. त्यानंच उचलली आणि आत गेला. तो वारल्याचं वर्षा-दोन वर्षांनी कुणाकडून तरी कळलं.

फहद सुपरिंटेंडंट झाला. आम्ही सगळे टपून बसलो होतो, हा कधी तोंडावर पडतोय म्हणून. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या टगवर चढला, सुकाणूच्या खोलीतला तो कागद टरकावला आणि म्हणाला, "हुकवाला किसी को नहीं पूछेगा. कॅप्टन हार्म्स का कायदा." सबनीसांनी त्याच्याही पुढे कागद ठेवला होता म्हणे. त्यानं पेन घेतलं नाही. अर्थात, त्याला कुणी विमानात बसवून देणार नव्हतं. तो आपल्या घरात उभा होता. हार्म्स नव्हता, आम्हीही नव्हतो. हे मला समजतं. समजतं म्हणून राग जात नाही. मी फहदला म्हटलं, दिलावरला परत आणा. त्यानं खटपट केली, पण हुकावर आता सौदी माणूसच घ्यायचा होता. जिझानकडचा एक कोळी आला. हात चांगला होता त्याचा.

दिलावर आता आमच्या खाडीत तरीची होडी चालवतो. या काठावरची माणसं त्या काठावर, शाळेची मुलं, मोटरसायकली, कधी बकऱ्या. मी कायमचा परत आलो तेव्हा त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला विमानतळावरचं सगळं सांगितलं. इतकी वर्षं फोनवर सांगायला जीभ वळली नव्हती. त्यानं ऐकून घेतलं. मग आत बायकोला हाक मारली, "चहा टाक गो, भाय आलाय."

चहा आला. आम्ही प्यायलो. त्यानं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, स्वतःच्या पेल्यात घातला आणि म्हणाला, "भाय, खरा सांग. म्हातारा उभा होता बिचारा. त्या दिशी तो चहा मी प्यायला पायजे होता काय?"

मी म्हटलं, "नाही."

"नाही ना?"

"नाही. बरा केलास."

तो खाडीकडे बघत राहिला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी तरीसाठी हाका मारत होतं. म्हणाला, "मला अजून वाटता, प्यायला पायजे होता." आणि उठून खाली धक्क्यावर गेला.